ब्रह्महृदय : एका वृद्ध ताऱ्याची गोष्ट
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



मी काही खगोलशास्त्राचा विद्वान नाही. पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, पण आकाश पाहण्याचा छंद सुटला नाही. त्या छंदातून ओळख झालेल्या एका ताऱ्याविषयी आज बोलतो.

उत्सवाच्या या दिवसांत मध्यरात्रीनंतर ईशान्येला एक ठळक पिवळसर तारा वर आलेला असतो. तो सारथी तारकासमूहातला ब्रह्महृदय. इंग्रजीत त्याला कॅपेला म्हणतात. आपल्या सूर्यसिद्धांतात त्याचा उल्लेख आहे. रात्रीच्या आकाशातील तेजस्वी ताऱ्यांत त्याचा क्रमांक सहावा लागतो, त्यामुळे शहराच्या झगमगाटातही तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

दिसायला एक, पण तो प्रकाश दोन राक्षसी ताऱ्यांचा आहे. सूर्य आणि शुक्र यांच्यात जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावरून ते 104 दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. साध्या दुर्बिणीतूनही ते वेगळे दिसत नाहीत. 1899 साली कॅम्पबेल आणि न्यूऑल या शास्त्रज्ञांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, वर्णपटावरून ही जोडी ओळखली.

हे दोघेही तारे उतारवयातले आहेत. वय किती? सुमारे 60 कोटी वर्षे. आणि आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा असून अजून मध्यमवयात! मग धाकटे आधी म्हातारे कसे झाले?

उत्तर आपल्या घरच्या हिशेबासारखेच आहे. ताऱ्याची पुंजी म्हणजे त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन. या दोघांचे वस्तुमान सूर्याच्या अडीच पट, म्हणजे पुंजी मोठी. पण खर्च त्याहून कितीतरी मोठा. आज प्रत्येकाचा प्रकाश सूर्याच्या सत्तर पटींहून अधिक आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसला आणि बाहेरचे थर फुगून थंड होऊ लागले. तरुणपणीचे शुभ्र तारे असे पिवळे झाले. आज एक सूर्याच्या सुमारे बारा पट, तर दुसरा नऊ पट रुंद आहे.

दोघे जन्मले बरोबरच. वस्तुमानात फरक शेकडा तीन-चार इतकाच. तरी जड भाऊ पुढच्या टप्प्यावर पोचून हेलियम जाळतो आहे आणि दुसरा अजून वाटेत आहे. तेव्हा ताऱ्याचे म्हातारपण किती वर्षे झाली यावर ठरत नाही, गाठीशी किती होते आणि कसे खर्च झाले यावर ठरते. सूर्यावरही ही पाळी येईल, पण त्याला अजून सुमारे 500 कोटी वर्षे आहेत.

शेवटी एकच सांगतो. ब्रह्महृदयाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 43 वर्षे लागतात. आज दिसणारा किरण निघाला तेव्हा या मंडळाची वर्गणी गोळा करत फिरणारे तरुण आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. मुलांनो, जागरणाच्या रात्री आजी-आजोबांना गच्चीवर न्या, हा तारा दाखवा आणि तो किरण निघाला तेव्हा ते काय करत होते, ते विचारा. ही गोष्ट कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!