जोड्या लावा



काशीच्या दशाश्वमेध घाटाशेजारी मानमंदिराची वेधशाळा उभी आहे. याच नगरीत, संस्कृत महाविद्यालयात, एकोणिसाव्या शतकात बापूदेव शास्त्री हे मराठी गणिती अध्यापन करीत. त्यांनी इंग्रजीत आणलेल्या ‘सूर्यसिद्धांता’त (१८६१) संख्या शब्दांत गुंफलेल्या आहेत. ‘चंद्र’ म्हणजे १, ‘नेत्र’ म्हणजे २, ‘वेद’ म्हणजे ४. वाचन एककापासून होते, म्हणून ‘वेदनेत्र’ म्हणजे २४. ही भूतसंख्या.

परीक्षेतील ‘जोड्या लावा’ हा प्रश्नही असाच संकेत उलगडण्याचा. चार जोड्या लावण्याच्या रीती २४. त्यांपैकी ९ रीतींत एकही जोडी जुळत नाही, ८ रीतींत एक जुळते, ६ रीतींत दोन आणि एकाच रीतीत चारही. नेमक्या तीन जुळणे अशक्य. म्हणून तीन जोड्या जाणणाऱ्याला चौथीचा गुण न शिकता मिळतो, एका चुकीबरोबर दुसरी अटळ ठरते, आणि काहीच न जाणणाऱ्याच्या पदरातही सरासरी एक गुण पडतो.

भूतसंख्येत ‘चंद्र’ आणि ‘भू’ दोन्ही १, ‘वेद’ आणि ‘सागर’ दोन्ही ४. उत्तराच्या रकान्यातील संख्या अशी पुन्हा वापरण्याची मुभा ठेवली, की उरलेली जोडी आपोआप लागत नाही. प्रत्येक जोडीचे ज्ञान स्वतंत्र मोजले जाते.

प्रवेशपरीक्षेत एका गुणाने जागा हुकते. तो गुण मुलाच्या अभ्यासाचा की प्रश्नाच्या रचनेचा, हे पारखूनच पालकांनी मुलाला बोल लावावा.