एक यंत्रणा की अनेक?



संस्था वाढते तशा तिच्या संगणकप्रणालीही वाढतात. फी एका प्रणालीत, निकाल दुसरीत, शिष्यवृत्ती तिसरीत. मग प्रश्न उभा राहतो, हे सारे एकत्र करावे काय? आपण म्हणाल, हा तर कार्यालयाचा प्रश्न. तसे नाही. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिले गेले, तर यंत्राच्या लेखी ती दोन मुले ठरतात. आणि शिष्यवृत्ती अडते ती आपल्या घरची.

एकीकरणाचा लाभ उघड आहे. माहिती एकदाच भरावी लागते, देखभाल सोपी होते. परंतु घाईची किंमतही जबर असते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार शनिवार-रविवार साधून नव्या प्रणालीवर नेला. माहिती सुखरूप पोहोचली, पण यंत्रणा कोलमडली. कित्येकांना स्वतःच्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. घडी पुरती बसावयास डिसेंबर उजाडला. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

आपल्या रेल्वेने निराळी वाट धरली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाचही आरक्षण केंद्रांत ‘कन्सर्ट’ ही एकच प्रणाली बसविली. नोंदी मात्र ज्या त्या केंद्रातच ठेवल्या आणि १९९९ मध्ये केंद्रे परस्परांशी जोडली. म्हणजे ‘सारे एक’ आणि ‘सारे वेगळे’ यांच्या मधेही मार्ग असतो.

तेव्हा निर्णयापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कोणत्या नोंदीवरून आज काम अडते? दोन नोंदींत फरक पडला तर खरी कोणती मानावयाची? एकेक विभाग करून बदल होईल काय? आणि बिघडल्यास परत फिरता येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जुनी नोंद मोडीत काढू नये. प्रवेशाच्या वा परीक्षेच्या दिवसांत तर या कामाला हातही लावू नये.

पालकहो, आपले काम आजच सुरू होते. जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून मुलाचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक आढळल्यास दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या. नोंदीच चुकीच्या असतील, तर त्या एकत्र करून चूकच पक्की होते.