कुंचल्याचा पहारा

(नंदुरबार येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



मार्च १९४२ मध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत आले आणि एप्रिलमध्ये वाटाघाटी फिसकटल्या. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा पुकारा झाला. ९ सप्टेंबर रोजी याच नंदुरबारात बालवीर शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वाटाघाटींना थोर मंडळी बसतात. त्या फसल्या की किंमत मात्र भलतेच कोणी मोजतात. ही किंमत दाखविणे, हेच राजनैतिक व्यंगचित्राचे खरे कार्य होय.

ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांनी अनाक्रमणाचा करार केला. २० सप्टेंबर रोजी डेव्हिड लो यांचे चित्र लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये झळकले. दोघे हुकूमशहा टोप्या उंचावून, कमरेत वाकून, अगदी अदबीने एकमेकांना शिव्या घालीत आहेत आणि मध्ये पोलंडचे प्रेत पडले आहे! १९४१च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि त्या अदबीचे मोल जगाला कळले. याच लो यांना बाळासाहेब ठाकरे आदर्श मानीत. १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांचे ‘मार्मिक’ सुरू झाले.

आपल्याकडे २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटविषयक करारात पंचशील आले. ‘भाई-भाई’च्या घोषणा दुमदुमल्या. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले आणि हिमालयातील जवानांनी त्या भाबडेपणाची किंमत रक्ताने चुकविली. या धोरणावर कठोर टीका व्हायलाच हवी. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. व्यंगचित्रकार शंकर यांनी नेहरूंना कधी सोडले नाही आणि नेहरूंनी ते हसतमुखाने सोसले.

आता प्रश्न आपल्याला आहे. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी लाहोर घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि काही महिन्यांतच कारगिलच्या शिखरांवर रणकंदन माजले. अटलजींच्या सद्हेतूविषयी आपल्याला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या बसवर कोणी बोचरे चित्र काढले, तर आपण ते शांतपणे पाहू शकतो काय? पंचशीलावर हसायचे आणि लाहोरवर रागवायचे, ही राष्ट्रनिष्ठा नव्हे. ती पक्षनिष्ठा झाली.

व्यंगचित्रकाराने नाकाडोळ्यांची थट्टा जरूर करावी, पण घाव निर्णयावर घालावा. आणि आपण चित्र पाहताना एवढेच तपासावे : मध्ये पडलेले प्रेत त्याने दाखविले आहे की लपविले आहे? दाखविले असेल, तर चित्र कोणाचेही असो, ते जपून ठेवावे.