घरात लेकरं किती?

(कळमनुरी तालुक्यातील एका साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



शाळेत एक मोठं रजिस्टर असतं. त्यात पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख लिहितात. मी पुष्कळ वर्षं ते रजिस्टर लिहिलं. नोकरीला लागलो तेव्हा एकाच बापाचं नाव चार-चार, पाच-पाच वेळा यायचं. रिटायर झालो तेव्हा ते एकदा, नाहीतर दोनदा येत होतं. असं का झालं, ते आज बघू.

कोणी म्हणतं, पूर्वीची माणसं अडाणी होती, म्हणून लेकरं जास्त. मला हे पटत नाही. माझ्या आईची आठ बाळंतपणं झाली. चार लेकरं जगली. एक गोवरानं गेलं. दोन हगवणीनं गेली. एक जन्मतःच गेलं. आई म्हणायची, "पेरताना दाणा जास्तच टाकावा लागतो. काही पाखरं खातात, काही करपतात." माझी आई अडाणी नव्हती. तिला मरणाचा हिशोब ठाऊक होता.

१९७१ साली आपल्या देशात हजार लेकरं जन्मली, तर १२९ वर्षाच्या आतच दगावत. २०२० साली महाराष्ट्रात हा आकडा १६ वर आला. लस आली. हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, हे आयांना कळलं. बाळंतपण दवाखान्यात होऊ लागलं. जन्मलेलं लेकरू जगेल, असा भरवसा वाटू लागला. मग जास्त दाणा कशाला टाकायचा?

दुसरं कारण शेताचं. समजा, बापाची बारा एकर जमीन आहे. चार भावांत वाटली, की तीन-तीन एकर. त्यांच्या पोरांत वाटली, की बांधच जास्त आणि रान कमी.

तिसरं कारण शाळेचं. पूर्वी सहा-सात वर्षांचं पोर गुरं वळायचं, कापूस वेचायचं. ते घरात कमाई आणायचं. आता ते शाळेत जातं. त्याला वह्या लागतात, कपडे लागतात, पुढं कॉलेजची फी लागते. आईबाप म्हणतात, दोनच शिकवू, पण नीट शिकवू.

चौथं कारण मुलींचं. मुलगी शिकली, की तिचं लग्न जरा उशिरा होतं. ती स्वतःचं मत सांगते. दवाखान्यात काय मिळतं, ते वाचते.

आता सरकारी पाहणीचे आकडे ऐका. १९९२-९३ साली महाराष्ट्रात दहा बायांमागे सरासरी २९ लेकरं होती. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत दहा बायांमागे १७ निघाली.

हे एका दिवसात झालं नाही. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं काम सुरू केलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं. लोकांनी नावं ठेवली. कोर्टात दंड झाला. तरी ते १९५३ साली मरेपर्यंत थांबले नाहीत. सरकारनं देशभर कुटुंबनियोजन सुरू केलं ते १९५२ साली.

पण सरकारचीही चूक झाली. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात पुष्कळ ठिकाणी माणसं धरून आणून नसबंदी केली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर ऑपरेशनं झाली. लोक चिडले. तेव्हापासून गडी माणूस नसबंदीला बिचकतो. आज बहुतेक ठिकाणी ऑपरेशन बाईच करून घेते. लेकरू तिनंच वाढवायचं आणि टाकेही तिनंच सोसायचे!

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो.

मला पहिल्या दोन मुली. बायको म्हणाली, "आता बास करू." मी शाळेत पोरांच्या आईबापांना लहान कुटुंबाचं सांगत होतो. घरी मात्र म्हणालो, "एकदा बघू. वंशाला दिवा पाहिजे." तिसऱ्या खेपेला तिचं फार रक्त गेलं. लांबच्या दवाखान्यात न्यावं लागलं. दोन रात्री ती वाचते की नाही, कळेना. मी बाहेर बाकावर बसून होतो. दोन लहान मुली माझ्या मांडीवर झोपल्या होत्या.

ती वाचली. तिसरीही मुलगीच झाली. बोलता येऊ लागल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आता तरी मला विचाराल का?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या महिन्यात मी स्वतःची नसबंदी करून घेतली. त्याच दिवशी घरी आलो. गावात कुजबुज झाली. पण माझी ताकद गेली नाही, शेतातलं काम अडलं नाही. पुढचे तीन महिने मात्र दुसरं साधन वापरावं लागतं, हे ध्यानात ठेवा. आज त्याच तीन मुली आमचं औषधपाणी बघतात.

मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. त्यासाठी सुनेला बोल लावणं खोटं आहे. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं त्याचा कायदा १९८८ साली केला, देशानं १९९४ साली.

आता काही जोडप्यांना एकच लेकरू हवं असतं. काहींना उशिरा हवं असतं. शाळेचा पट कमी होतो, तेव्हा माझ्यासारख्या मास्तरला वाईट वाटतं. पण शाळा भरावी म्हणून कोणी लेकरू जन्माला घालू नये. सासूच्या हट्टासाठी घालू नये. सरकारच्या धाकानं थांबूही नये.

मग ठरवायचं कोणी? नवरा-बायकोनं, दोघांनी मिळून. आणि ज्या देहाला नऊ महिने झिजायचं आहे, तिचं म्हणणं आधी ऐकायचं. दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर बरं. गोळी, तांबी, निरोध, इंजेक्शन ही साधनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आशाताईला विचारा. ती समजावून सांगेल.

गडी मंडळी, आज घरी गेल्यावर एक काम करा. जेवणं झाली, की बायकोला विचारा, "तुला काय वाटतं?" मग मधे न बोलता ऐका. मी हे फार उशिरा शिकलो. तुम्ही लवकर शिका.