शिकाऊ उमेदवार : विद्यार्थी की बेनोंद कामगार?

(दिल्ली परिसरातील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात एका माजी शिकाऊ उमेदवाराने केलेले भाषण)



गोदामातील शिकाऊ उमेदवारीविषयी मी बोलावे, असे आपण सुचविलेत. विषय वरकरणी लहान वाटेल. परंतु कामगार म्हणून कोणाला ओळखावयाचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून त्याचा नीट विचार झाला पाहिजे.

प्रथम हा धंदा वाढला कसा ते पाहू. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवरील कर वाचविण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहानलहान गोदामे ठेवीत. ती गरज संपताच माल मोजक्या, पण अजस्र गोदामांत एकवटू लागला. २०१८ च्या नोव्हेंबरात कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. बिलासपूर, फर्रुखनगर, लुहारी या भागांत, जेथे पूर्वी गहू-मोहरी पिकत असे, तेथे आज पत्र्याची विशाल छपरे दिसतात. भांडवल असे एकत्र आले आणि श्रमिकही एका छपराखाली आले. त्यांची नोंद मात्र विखुरली : काही कायम, पुष्कळसे कंत्राटी आणि काही शिकाऊ.

मी या शेवटच्या वर्गातला. २०२३ साली, बारावीनंतर, एका वर्षाच्या करारावर गुरुग्राम जिल्ह्यातील एका गोदामात दाखल झालो. करारासोबतच्या अभ्यासक्रमात मालाची आवक व तपासणी, मांडणी, मागणीनुसार उचल, बांधणी आणि जावक हे सर्व होते. साठ्याचा हिशेब, ई-वे बिल, फोर्कलिफ्टच्या वावरातील सुरक्षितता हेही होते. साथींनो, हे ज्ञान खरोखर मोलाचे आहे. गोदाम म्हणजे खोकी रचण्याची जागा एवढेच नव्हे. कोणता माल कोठे ठेवला असता कमी पावलांत हाती येईल, आधी आलेला माल आधी बाहेर कसा जाईल, नोंदीतला साठा आणि फळीवरचा साठा जुळत नसेल तर चूक आवकेत झाली, उचलीत की जावकेत, हे शोधण्यास बुद्धी आणि अनुभव लागतो. ज्याला हे येते त्याचे कोठेही अडत नाही.

पहिले तीन आठवडे आम्हाला हे थोडेफार शिकविण्यात आले. नंतर हाती स्कॅनर आला. पडद्यावर फळीचा क्रमांक दिसे. तेथे जावयाचे, वस्तू काढावयाची, यंत्राला दाखवावयाची, पेटीत टाकावयाची. तासाला किती नग झाले हे यंत्रच मोजी. शेजारचा कंत्राटी कामगार हेच काम करी, आणि त्याचे व माझे लक्ष्य एकच होते. सणासुदीच्या विक्रीत पाळी संपल्यावरही आम्हाला थांबवून घेत. उरलेले सर्व महिने मी उचलीतच होतो. साठ्याचा हिशेब पुन्हा दृष्टीस पडला नाही. वर्षअखेर प्रमाणपत्र मिळाले, नोकरी मिळाली नाही; आणि माझ्या जागी नवा शिकाऊ उभा राहिला.

शिकणाऱ्याला मोबदला कमी का? तो आरंभी कमी काम करतो आणि त्याला शिकविण्यात दुसऱ्याचा वेळ जातो म्हणून, असे सांगतात. हे कारण क्षणभर मान्य करू. पण चौथ्या आठवड्यापासून जो पूर्ण कामगाराइतके नग काढतो, त्याच्याबाबत हे कारण उरते कोठे? २०१९ च्या नियमांनी बारावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरविले. हरियाणातील अकुशल कामगाराचे किमान वेतनही मी काम करीत होतो तेव्हा याहून बरेच वर होते. शिवाय २०१६ च्या राष्ट्रीय योजनेनुसार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. काम पूर्ण, मोबदला अपुरा आणि त्यातलाही वाटा जनतेच्या तिजोरीतून! मधली तफावत कोणाच्या पदरी पडते, हे निराळे सांगावयास नको.

आता कायद्याकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची व्याख्या करताना शिकाऊ उमेदवाराचा त्यात स्पष्ट समावेश केला होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने सांगितले की, तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर कामगाराच्या व्याख्येतूनच त्याला वगळले. गेल्या पाऊणशे वर्षांत शिकाऊ उमेदवार असा पायरीपायरीने दाराबाहेर गेला.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. त्यांच्याजवळ कसलेही प्रमाणपत्र नव्हते. परंतु अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमाल संघटित झाले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यामुळे मंडळात त्यांची नोंद होती, टोळीला क्रमांक होता, मजुरीवर मालकाकडून लेव्ही वसूल होई आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय होई. पाठीवर पोते वाहणारा निरक्षर बाप कामगार ठरला आणि हाती स्कॅनर घेतलेला बारावी शिकलेला मुलगा ठरला नाही! यंत्र नवे आल्याने हक्क आपोआप येत नाहीत, हाच याचा धडा.

म्हणून शिकाऊ उमेदवारी बंद करा, असे माझे म्हणणे नाही. कसब शिकण्याची संधी गरीब घरच्या मुलाला हवीच आहे. म्हणणे इतकेच की, शिक्षण असेल तर ते अभ्यासक्रमाप्रमाणे पूर्ण द्यावे. आणि काम घ्यावयाचे असेल तर कामगाराची मजुरी व कामगाराचे हक्क द्यावेत.

यासाठी आजही काही आधार हाती आहेत. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून जादा वेळ काम घेण्यास १९६१ च्याच कायद्यात मनाई आहे, आणि ती मंजुरी प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच देता येते. कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाईचा हक्क आहे. तेव्हा प्रत्येकाने कराराची प्रत आपल्याजवळ ठेवावी. कोणत्या महिन्यात कोणत्या विभागात ठेवले आणि किती तास राबविले, याची तारीखवार वही लिहावी. एकट्याची वही तक्रार ठरते; पन्नास जणांच्या वह्या पुरावा ठरतात. आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे की, गोदामाच्या फाटकावर सभा घ्याल तेव्हा कायम आणि कंत्राटी यांच्याबरोबर शिकाऊ उमेदवारांनाही बोलवा. फळीपुढे ते तुमच्या शेजारीच उभे असतात.