खाडीकाठचा एक प्रश्न



गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन मी ऐरोलीजवळ ठाणे खाडीवर गेलो होतो. ओहोटी लागली होती. चिखलात असंख्य रोहित पक्षी, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, माना खाली घालून चरत होते. एका मुलाच्या तोंडून सहज "सुभानल्ला" निघाले. मी मास्तरकीच्या सवयीने सांगितले, की हा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून येतो. तो ओशाळला. "सर, मग मी म्हणालो ते चुकले का?" दुसऱ्याने त्यापुढे जाऊन विचारले, "की हे सारे म्हणजेच अल्ला?"

ही गोष्ट त्याच्या घरी कळली. वडील शाळेत आले. "मास्तर, पोराच्या डोक्यात हे काय भरवता?" त्यांची काळजी मी खोटी मानीत नाही. निर्मितीलाच निर्माता मानले, तर तौहीद उरते कुठे? सृष्टी हाच ईश्वर, या मताला सर्वेश्वरवाद म्हणतात. ईश्वर आणि निसर्ग एकच मानणाऱ्या स्पिनोझाला त्याच्या यहुदी समाजाने १६५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये बहिष्कृत केले होते.

पण पालकहो, हा प्रश्न परक्यांचा नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) आपल्या कोकणी मुसलमानांचेच. त्यांच्या उरुसातला पोलिसांचा संदल आपण हौसेने पाहतो. त्यांचे ग्रंथ मात्र उघडीत नाही! त्यांनी कुराणावर अरबीत तफसीर लिहिली, तशीच इब्न अरबींच्या 'फुसूस अल्-हिकम'वर टीकाही लिहिली. 'वहदत-उल-वुजूद', म्हणजे खरे अस्तित्व एकाचेच, बाकी सारे त्याच्यामुळे भासमान, या विचाराचे ते पुरस्कर्ते. सृष्टी म्हणजे अल्ला, असा त्याचा अर्थ नव्हे. अल्लाविना सृष्टीला स्वतःचे काही नाही, असा आहे.

सरहिंदचे शेख अहमद (१५६४–१६२४) यांना तेही पटले नाही. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत, म्हणून ते नाहीसे झाले असे नव्हे, हा त्यांचा दाखला. एकत्व पाहणाऱ्याच्या अनुभवात आहे, वस्तूंत नाही. दोघेही थोर आलिम. दोघांत दोनशे वर्षांचे अंतर. मला स्वतःला सरहिंदींचे म्हणणे अधिक पटते, पण मखदूमसाहेबांना वाचताना मी दबून जातो, हेही खरे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की कुराणातल्या वचनाला आयत म्हणतात आणि रात्र-दिवसाच्या फेऱ्यालाही कुराण आयत म्हणजे खूणच म्हणते. अक्षराची शाई कशाची, हे कळल्याने मजकूर खोटा ठरत नाही. तुझे सुभानल्ला बरोबरच होते. दुसऱ्याला म्हणालो, खुणेलाच मुक्काम समजू नकोस.

वडील उठले तेव्हा त्यांचे पुरते समाधान झाले नव्हते. येत्या जानेवारीत ओहोटीची वेळ पाहून आम्ही पुन्हा खाडीवर जाणार आहोत. त्यांना मी बरोबर बोलावले आहे, आपणही या.