महामार्गाशेजारची सायकलवाट

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक हे विस्तीर्ण खारं सरोवर आहे. लांबच्या प्रवासावर निघालेले लाखो पक्षी या सरोवरावर आणि भोवतालच्या पाणथळींत उतरतात. किडे, बारीक कोळंबी खाऊन ताकद भरून घेतात आणि पुढे निघतात.

याच पाणथळींना लागून ‘लेगसी पार्कवे’ हा महामार्ग आखला गेला. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या आणि २००१ मध्ये काम थांबलं. २००५ मध्ये तडजोड झाली. वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर ठरली. मोठ्या मालट्रकना मज्जाव झाला. २००८ मध्ये रस्ता खुला झाला.

त्याच्या सोबतीनं सुमारे २२ किलोमीटरचा मार्ग आहे. पक्क्या वाटेवर पादचारी आणि सायकलस्वार, शेजारच्या मातीच्या वाटेवर घोडेस्वार. पलीकडे दोन हजारांहून अधिक एकर पाणथळ जमीन पक्ष्यांसाठी राखून ठेवली आहे. माणसांची वाट कडेनं जाते, त्यामुळे आतल्या घरट्यांजवळ वर्दळ होत नाही.

वेगमर्यादेची आणि ट्रकबंदीची मुदत २०२० च्या आरंभी संपली. पाणथळीचं राखीव क्षेत्र आणि सायकलवाट मात्र कायम आहेत.